साधं लग्न करा म्हणता, पण कुठे?

गेल्या महिन्यात बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या बैठकीत एक ठराव मांडला गेला. लग्नाबरोबर वेगळं रिसेप्शन करायचं नाही, पाहुणे अडीचशेच्या वर बोलवायचे नाहीत, डीजे लावायचा नाही आणि गोड पदार्थ एकच ठेवायचा. मंडळ तसं लहानच. दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली किंवा तिथून गोत्री-भायलीकडे राहायला गेलेली मराठी घरं. पण वाद मोठा झाला. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, दिखाऊपणा वाढलाय, कर्ज काढून लग्नं होताहेत, आमच्या वेळी असं नव्हतं. तरुण मुलंमुली म्हणाली, पैसे आमचे, हौस आमची, मंडळाने त्यात का पडावं? दोन्ही बाजू तासभर एकमेकांच्या स्वभावावर बोलत राहिल्या. हे अडीचशे पाहुण्यांचं साधं लग्न बडोद्यात नेमकं करायचं कुठे, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

माझ्या मते सगळ्या वादाची मेख तिथेच आहे. लग्नाचा खर्च माणसाच्या हौसेने जेवढा वाढतो, त्याहून जास्त तो जागेमुळे वाढतो. जागा एकदा ठरली की पाहुण्यांचा आकडा, सजावट, जेवणाची पद्धत, समारंभाची वेळ, आल्यागेल्याची सोय हे सगळं तिच्यामागून फरफटत येतं. म्हणून साधेपणाचे ठराव करण्याआधी साध्या लग्नाला शोभेल अशी जागा शहरात असली पाहिजे, आणि ती असावी ही जबाबदारी एकट्या वधूपित्याची नाही. ती मंडळाची आहे, समाजाच्या ट्रस्टांची आहे आणि महानगरपालिकेचीही आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा दादा-वहिनीबरोबर जागा बघायला मी हिंडले. दादाची यादी अडीचशेची होती, म्हणजे मंडळाच्या ठरावात अगदी बसणारी. आम्ही आधी एक स्वस्तातला सार्वजनिक हॉल पाहिला. भाडं खिशाला परवडणारं, तारीखही मोकळी. पण आत जायला पाच पायऱ्या आणि कठडा नाही, स्वयंपाकघराच्या मोरीत पाणी तुंबलेलं, बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. वहिनी तिथेच म्हणाली, "व्याह्यांना इथे कसं बोलवायचं हो ताई?" तिचं काय चुकलं? मग आम्ही शहराबाहेरचे पार्टी प्लॉट, म्हणजे समारंभासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या हिरवळी, बघू लागलो. एका ठिकाणी मॅनेजरने सांगितलं की किमान चारशे डिश धरावीच लागेल. दुसऱ्या ठिकाणी डेकोरेटर त्यांचाच घ्यायचा होता, आणि आपला आचारी आणला तर वर रॉयल्टी. तिसऱ्याने हिरवळीवर हात फिरवून सरळ सांगितलं की एवढ्या मोठ्या प्लॉटमध्ये अडीचशे माणसं दिसणारसुद्धा नाहीत. तो खोटं बोलत नव्हता. उघड्या हिरवळीला भिंती नसतात, छत नसतं, दिवे नसतात. प्रवेशाला कमान लागते, कमानीपासून स्टेजपर्यंत गालिचा लागतो, कडेने पडदे लागतात, वर रोषणाई लागते, वीज गेली तर जनरेटर लागतो. हे सगळं उभं केल्यावर मधे अडीचशे माणसं विरळ दिसतात. म्हणून यादी पुन्हा काढली जाते. आठवड्याभरात आमची यादी चारशे वीसवर गेली. दादाच्या स्वभावात त्या आठवड्यात काहीही बदल झाला नव्हता.

लग्न सकाळी झालं, रिसेप्शन त्याच प्लॉटवर रात्री. जानेवारीचा शेवट, दव पडायला लागलेलं. माझी आई ८३ वर्षांची, काठी घेऊन चालते. गेटपासून स्टेजपर्यंतचा गालिचा खालच्या हिरवळीमुळे उंचसखल झालेला, तिला दोघींनी धरून न्यावं लागलं. खुर्चीवर सॅटिनचं कव्हर, मागे मोठा बो, पण पाय ओल्या मातीत रुतत होते, त्यामुळे ती सारखी एका बाजूला कलायची. जेवणाची वेळ झाली तेव्हा खरी अडचण कळली. एका हातात काठी, मग डिश कुठल्या हातात धरायची? काउंटरवर नऊ प्रकार मांडलेले होते आणि घरातली सगळ्यात मोठी बाई नातवाने आणून दिलेला कढीभात मांडीवर ठेवून जेवली. स्टेजवर भाची आणि जावई तीन तास उभे. आहेराची पाकिटं घ्यायची, फोटोला हसायचं, वाकून नमस्कार करायचा, पुन्हा उभं राहायचं. ती दोघं जेवायला बसली तेव्हा बारा वाजून गेले होते, पुऱ्या चामट झाल्या होत्या आणि केटररची माणसं शेजारची टेबलं उचलत होती. ज्यांच्यासाठी हा दिवस, त्यांनी सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यात वाईट जेवायचं, ही कुठली रीत? आपल्याकडे तर नवरानवरी पंगतीत बसायची, एकमेकांना घास द्यायची, नाव घ्यायची आणि अख्खी पंगत त्यांच्याकडे बघत जेवायची.

आता पलीकडच्या बाजूचं ऐकते. तरुण मुलांचं पहिलं म्हणणं, पैसे आमचे, निवड आमची. हे मला पूर्ण मान्य आहे. कुणाच्या लग्नात किती गोड पदार्थ असावेत हे मंडळाने ठरवावं, ही कल्पनाच मला पटत नाही. पण निवड म्हणायला निदान दोन धड पर्याय समोर हवेत. एका बाजूला कडी नसलेला संडास आणि दुसऱ्या बाजूला चारशे डिशची अट, यांतून जे उचलावं लागतं त्याला मी निवड म्हणत नाही. ज्याला दोन हजारांना बोलवायचं आहे त्याने खुशाल बोलवावं. ज्याला दोनशेचं लग्न मान ठेवून करायचं आहे, त्याला ते करता येतं का, एवढंच मी विचारते आहे.

दुसरा मुद्दा पोटापाण्याचा. मंडपवाले, फुलवाले, लाइटवाले, आचारी, वाढपी, बँडवाले, मेंदी काढणाऱ्या मुली, या सगळ्यांचा वर्षाचा हिशेब लग्नसराईवर चालतो. हा मुद्दा हलका नाही, आणि खर्चावर टीका करणारे तो नेहमी टाळतात. पण छोट्या लग्नातली पंगत काही आपोआप वाढली जात नाही. पंगतीला काउंटरपेक्षा जास्त हात लागतात. अडीचशे माणसांना बसवून गरम वाढायचं तर आचाऱ्याबरोबर वीसेक वाढपी हवेतच. भाचीच्या लग्नाचा हिशेब मी स्वतः लिहिला. जागेचं भाडं आणि सजावट मिळून जेवणापेक्षा जास्त रक्कम गेली होती. आणि रात्री तीन वाजता थंडीत पडदे उतरवणाऱ्या पोरांना त्या रकमेतलं किती मिळालं असेल? दिवसाच्या लग्नात तीच पोरं संध्याकाळी घरी पोचतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण तो माझ्यासारख्या आठवणीत रमणाऱ्यांवर आहे. बैठकीत एका मुलीने विचारलं, "तुम्हाला वाडीतली लग्नं आठवतात, पण त्या वाड्या कुणासाठी होत्या?" तिचं बरोबर होतं. जुन्या वाड्या, म्हणजे समाजाने लग्नकार्यांसाठी बांधलेल्या जागा, आणि धर्मशाळा जातीजातीच्या होत्या. दुसऱ्या जातीच्या माणसाला तिथे लग्नासाठी जागा मिळत नसे, काही ठिकाणी तर पंगतीतही नसे. आणि त्या पंगतींमागे घरच्या बायका चार-चार दिवस आधीपासून निवडणं, कुटणं, लाटणं करत राबायच्या, स्वतः मात्र शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं जेवायच्या. पार्टी प्लॉटवाला जात विचारत नाही, पैसे मोजले की गेट उघडतो, आणि घरच्या बाईच्या हातात पोळपाट देत नाही. ही त्याची जमेची बाजू मी नाकारणार नाही.

पण यातून जुन्या वाडीकडे परत जाऊ नये एवढंच सिद्ध होतं. जागा सगळ्यांची असावी, ही मागणी त्यामुळे उलट अधिकच पक्की होते. जागा मिळणं किंवा न मिळणं ही खासगी बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कामाटीबागेतल्या संकल्पभूमीवर एकदा जाऊन यावं. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि या शहरात त्यांना डोकं टेकायला जागा मिळेना. पारशी सरायीत नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. मग ते कामाटीबागेत झाडाखाली जाऊन बसले. राजाची सदिच्छा होती, नोकरी होती, पदवी होती, फक्त सर्वांना खुली असलेली एक खोली शहरात नव्हती. ती बाग मात्र सार्वजनिक होती, १८७९ सालापासून कुणालाही खुली. त्या दिवशी शहराने त्यांना जी काही जागा दिली ती तेवढीच. हे मी लग्नाच्या हॉलशी सहज म्हणून जोडत नाही. कुठल्याही शहरात कोण कुठे बसू शकतो, जेवू शकतो, सोहळा करू शकतो, हे तिथे सर्वांसाठी काय बांधलं गेलं यावरून ठरतं. लोकांची मनं किती चांगली आहेत, यावर ते सोडून चालत नाही.

ठराव आणि कायदे करून लग्न आटोक्यात आणण्याचा प्रयत्न काही नवा नाही. २०१६ साली संसदेत एक खासगी विधेयक आलं होतं, लग्नावर पाच लाखांच्या वर खर्च करणाऱ्याने त्यातला दहावा हिस्सा गरीब मुलींच्या लग्नासाठी द्यावा असं. त्याचा कायदा झाला नाही. जम्मू-काश्मीर सरकारने २०१७ मध्ये मुलीच्या लग्नाला पाचशे आणि मुलाच्या लग्नाला चारशे पाहुणे अशी मर्यादा घातली, पदार्थांची संख्यासुद्धा ठरवून दिली. २०२० मध्ये तर साथीमुळे देशभर पन्नास माणसांची अट आली, आणि ती पाळलीही गेली, कारण भीती होती. अट उठल्यावर दोन वर्षांत प्लॉट पुन्हा भरले. लोक काहीच शिकले नाहीत, असा याचा अर्थ लावतात. मला तसं वाटत नाही. त्या पन्नास माणसांच्या लग्नांत चुकल्यासारखं कशाचं झालं, तर शेजारच्या काकूंचं, मामेभावांचं, जुन्या शाळासोबत्यांचं. कमान नव्हती म्हणून कुणी रडलेलं मी पाहिलं नाही. माणसं परत बोलवायची होती आणि ती बसवायला जागा होती ती फक्त प्लॉटवर.

आपल्या बडोद्याचाच दाखला घ्या. सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला, ब्रिटिश हिंदुस्थानात तसा कायदा यायच्या पंचवीस वर्षं आधी. कायदा मोडणाऱ्यांना दंड होता. लोक दंड भरत राहिले आणि लग्नं लावत राहिले, जणू वाजंत्र्याच्या बिदागीसारखा तो लग्नाच्या खर्चातच धरलेला. कायदा चुकीचा होता असं मी म्हणत नाही, तो करायलाच हवा होता. पण महाराज कायद्यावर थांबले नाहीत. अमरेलीत १८९३ साली सुरू केलेलं सक्तीचं शिक्षण १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं, १९१० पासून गावोगावी वाचनालयं उभी केली. मुलीला शाळेत जायला जागा झाली, तेव्हा तिचं लग्न लांबवायला घरच्यांना कारण मिळालं. नुसतं "नको" म्हणून लोक बदलत नाहीत, "नको"च्या जागी काहीतरी हातात द्यावं लागतं. बडोद्याच्या माणसाला हे नव्याने सांगावं लागावं याचं मला वाईट वाटतं.

त्याच महाराजांनी १९१५ साली पुरोहितांसाठीही कायदा केला होता. विधी लावणाऱ्याला त्यांचा अर्थ कळलेला असावा आणि वधूवरांना समजेल अशा भाषेत त्याने तो सांगावा, हा त्यामागचा हेतू. आज प्लॉटवर सप्तपदी चाललेली असते तेव्हा ड्रोन वर घिरट्या घालत असतो, फोटोग्राफर "गुरुजी, जरा थांबा" म्हणतो, आणि पुढच्या पार्टीला प्लॉट रिकामा करून द्यायचा म्हणून मॅनेजर घड्याळ दाखवत असतो. अर्थ सांगायला गुरुजींनी वेळ आणायचा कुठून?

वेळेचा मुद्दा जागेइतकाच महत्त्वाचा आहे, आणि इथे आपण मराठी लोक आपला हक्काचा फायदा हातचा घालवतो. गुजराती लग्नांची मुख्य गर्दी संध्याकाळ-रात्रीची. आपला मुहूर्त साधारण सकाळी दहा ते दुपारी साडेबाराच्या मधला. ज्या हॉलला रात्रीसाठी रांग असते तो सकाळी पुष्कळदा रिकामा असतो आणि दिवसाचं भाडं बोलणी करून उतरवता येतं. पण रात्रीचं रिसेप्शन जोडलं की आपणही त्याच रांगेत उभे राहतो. शिवाय चातुर्मासात लग्नं नाहीत, डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरता, म्हणजे इकडे शुभकार्याला वर्ज्य मानलेला काळ, म्हणून शहर थांबलेलं, म्हणजे सगळ्यांचे मुहूर्त उरलेल्या त्याच ठरावीक तारखांना येऊन पडतात. आपल्याकडे काढीव मुहूर्ताची, म्हणजे पंचांगातल्या ठरावीक तारखांपलीकडे मुहूर्त काढून घेण्याची, सोय आहे, ती वापरायला लाजायचं कारण नाही. आठवड्यातला मधला वार घेतला की तोच हॉल, तोच आचारी, तेच गुरुजी निवांत मिळतात. आणि डोक्यावर छत असावं हे २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी ज्यांच्या घरी कार्य होतं त्यांना विचारा. देवउठी एकादशी होऊन तीनच दिवस झाले होते, सराई नुकती सुरू झालेली, आणि गुजरातच्या बऱ्याच भागांत विजा कडाडून अवकाळी पाऊस कोसळला.

दिवस आखताना मी आता जेवणापासून मागे मोजते. दोनशे चाळीस माणसं, हॉलमध्ये एका वेळी ऐंशी बसतात, म्हणजे तीन पंगती. एका पंगतीला पाऊण तास धरला तर साडेबाराला पहिली बसली की पावणेतीनपर्यंत सगळे जेवून होतात. पहिल्या पंगतीला ज्येष्ठ, लहान मुलं आणि बाहेरगावचे, दुसऱ्या पंगतीला नवरानवरी आणि दोन्हीकडचे घरचे. घरचे शेवटी, ही जुनी रीत मोडायची. ज्यांना फक्त भेटायचं आहे, ऑफिसची मंडळी, ओळखीचे दुकानदार, त्यांना जेवणाच्या वेळीच बोलवायचं. हॉलमध्ये एका कोपऱ्यात दोन साध्या खुर्च्या ठेवून वधूवर बसले की लोक येऊन भेटतात, रांग लागत नाही. चारला हॉल झाडून डिपॉझिट परत घेता येतं. अशा दिवसाला वेगळं रिसेप्शन नको असं ठरवावंही लागत नाही, ते उरतच नाही.

यासाठी जागा आधीपासून आहेत. महानगरपालिकेची अतिथीगृहं शहरभर आहेत, त्यांना जात विचारावी लागत नाही आणि भाडं मध्यमवर्गाच्या आवाक्यातलं आहे. शहर आपल्या बागांबद्दल तक्रार करतं, रस्त्यांबद्दल करतं, मग आपल्याच मालकीच्या हॉलमध्ये रॅम्प हवा, कठडा हवा, वाहती मोरी हवी, आगीपासून बचावाची सोय चालू हवी, हे आपण कधी अर्ज करून मागितलं? २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये जी आग लागली त्यानंतर तरी, अग्निशमनाचा दाखला बघितल्याशिवाय कुठल्याही मांडवाखाली चारशे माणसं बोलवायचं धाडस कुणी करू नये, प्लॉट असो की हॉल.

पुढच्या बैठकीत मी ठरावाला दुरुस्ती सुचवणार आहे. पाहुण्यांचा आकडा आणि गोड पदार्थाची अट गाळावी. त्याऐवजी मंडळाच्या शिलकीतून तीनशे स्टीलची ताटं, वाट्या, पेले आणि ऐंशी जणांना पुरतील एवढी घडीची टेबलं घ्यावीत आणि ती कुठल्याही जातीच्या, कुठल्याही भाषेच्या घराला नाममात्र भाड्याने द्यावीत. जागा बघायला जाणाऱ्या कुटुंबाबरोबर मंडळाची दोन माणसं जावीत, एक हिशेब कळणारं आणि एक सत्तरीच्या पुढचं. समाजाच्या ज्या ट्रस्टकडे स्वतःची वाडी आहे तिने ती सर्वांना एकाच दराने खुली करावी, नाहीतर मंडळाने तिथे कार्यक्रम घेणं बंद करावं. यावर वाद होईल हे मला माहीत आहे.

भाच्याचं लग्न येत्या वैशाखात आहे, बुधवारी, काढीव मुहूर्तावर. तोच पाच पायऱ्यांचा हॉल दादाने घेतलाय. मोरी साफ करून घ्यायची आणि संडासाला कडी बसवायची, हे पावती फाडतानाच लिहून घेतलं. पायऱ्यांवर टाकायला ओळखीच्या सुताराकडून फळ्यांचा उतार करून घेतोय, कार्य झाल्यावर तो हॉललाच देऊन टाकायचा. परवा आईला रिक्षाने नेऊन जागा दाखवली. पायऱ्यांपाशी थांबून तिने काठीने उताराची रुंदी मोजली आणि पहिल्या पंगतीत आपण भिंतीला टेकून बसणार, एवढं सांगून ठेवलं.